प्राणी उद्यानातील ये-जा

हैदराबादच्या बागेआममध्ये निजामी अमदानीपासून एक लहानसा प्राणिसंग्रह होता. पुढे १९५९ साली शहराच्या दक्षिण अंगास, मीर आलम तलावाच्या काठी, नव्या प्राणी उद्यानाची स्थापना झाली व ऑक्टोबर १९६३ मध्ये सुमारे ३८० एकरांचे नेहरू प्राणी उद्यान लोकांना खुले करण्यात आले. गजांऐवजी खंदक आणि अरुंद पिंजऱ्यांऐवजी मोकळी आवारे, ही त्याची नवलाई. बागेआममधील जुन्या रहिवाशांना त्या वर्षी तेथे हलविण्यात आले. त्यांत राणी नावाची हत्तीण होती. एक गालापागोस कासवही होते. राणी जून २०२१ मध्ये ८३ वर्षांची होऊन गेली आणि ते कासव मार्च २०२४ मध्ये गेले. त्याचे वय सुमारे १२५ वर्षांचे मानले जाई. तसे असेल तर सहाव्या निजामाच्या कारकीर्दीत जन्मलेला हा जीव तेलंगण राज्याचा उदय पाहून गेला, असे म्हणावयास हरकत नाही!

प्राणी उद्यानात नवा पाहुणा आला म्हणजे गर्दी लोटते. हैदराबादेस २०१३ साली सौदी राजपुत्राच्या भेटीतून आफ्रिकी चित्त्यांची जोडी आली, तेव्हा तसेच झाले. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ सालीच जाहीर झाले होते. तेव्हा तो डोळ्यांनी पाहावयास मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु एका जोडीने वंश उभा राहत नसतो. मादी २०२० साली गेली. नर त्यानंतर एकटाच राहिला व मार्च २०२३ मध्ये तोही गेला. भेट म्हणून येणारे प्राणी पाहणाऱ्याला आनंद देतात. त्या जातीचे त्याने भले होतेच असे नाही.

याच्या उलट कथा आहे ती पिसोरीची. सह्याद्रीच्या दाट रानात हिंडणाऱ्यांनी हे नाव ऐकलेले असते, प्राणी मात्र क्वचितच पाहिलेला असतो. वजन जेमतेम तीन किलो, उंची वीतभराहून थोडी अधिक, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके व पट्टे. शिंगे नरालाही नसतात. त्याऐवजी वरच्या जबड्यातील सुळे बाहेर डोकावतात. रवंथ करणाऱ्या इतर प्राण्यांच्या जठराला चार कप्पे असतात, पिसोरीच्या जठराला तीनच. रवंथ करणाऱ्या कुळाची ही फार जुनी शाखा होय. रात्री एकट्याने फिरावे, गळालेली फळे व पाला खावा आणि धोका वाटताच जागच्या जागी निश्चल व्हावे, हा तिचा क्रम. सापळ्यापुढे व शिकारी कुत्र्यापुढे ही युक्ती चालत नाही. म्हणून पुष्कळ रानांतून ती दिसेनाशी झाली.

येथे २०१० साली नेहरू प्राणी उद्यान, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण व हैदराबादचीच लुप्तप्राय जाती संरक्षण प्रयोगशाळा यांनी मिळून पिसोरीची पैदास हाती घेतली. आरंभी हाताशी अवघी सहा जनावरे होती. पुढे मर्म हाती आले ते हे, की मादी प्रसूतीनंतर लगेच पुन्हा माजावर येते. सुमारे साडेपाच महिन्यांचा गर्भकाळ लक्षात घेता नर केव्हा जवळ ठेवावा व केव्हा दूर करावा, हे त्यावरून ठरवावयाचे असते. थोड्याच वर्षांत संख्या दोनशेंवर गेली. मात्र सहांपासून दोनशे झाले, तरी रक्त त्या सहांचेच! भाऊबंदांतच संकर होऊ नये म्हणून कोणाची संतती कोणती याची नोंद ठेवावी लागते, आणि एका संग्रहालयातून दुसऱ्याकडे होणारी देवघेवही याच हिशेबाने व प्राधिकरणाच्या अनुमतीने व्हावयास हवी.

मग खरी कसोटी आली. आवारात जन्मलेल्या जनावराला बिबट्या ठाऊक नसतो, अजगर ठाऊक नसतो. वेळ झाली की माणूस खाणे घेऊन येतो, एवढेच ठाऊक असते. म्हणून २०१७ साली नल्लमला डोंगरांतील अमराबाद व्याघ्र प्रकल्पात आठ पिसोरी नेण्यात आल्या, तेव्हा त्यांना एकदम रानात लोटण्यात आले नाही. प्रथम कुंपणाच्या आत रानातच ठेवून तेथील पाल्याची, फळांची व रात्रीच्या आवाजांची सवय होऊ देण्यात आली आणि मग वाट मोकळी करण्यात आली.

उद्यानात येणाऱ्या प्राण्याची वर्दी वर्तमानपत्रांत छापून येते. त्याचे छायाचित्र निघते, बारसे होते. अमराबादच्या रानात उतरलेल्या त्या आठ जणी-जणांना पाहावयास गर्दी जमणे शक्यच नव्हते. फाटक उघडल्यावर पिसोरी झुडपात शिरते, निश्चल होते आणि पाचोळ्यात मिसळून जाते.