सोबतीच्या ‘चल रे’ला आवर हवा

आपल्यापैकी काहींची मुले नोकरी-शिक्षणासाठी वसई-विरारकडे राहतात. म्हणून या वेळी उसाऐवजी पोरांविषयी चार शब्द.

वसई तालुक्यात तुंगारेश्वराच्या जंगलात चिंचोटीचा धबधबा आहे. तिथे जाताना ओढा ओलांडावा लागतो. डोंगरावर पाऊस वाढला, की ओढा बघता बघता फुगतो आणि परतीची वाट बंद होते. ७ जुलै २०१८ रोजी असेच झाले. शंभराहून अधिक लोक अडकले. बचाव पथकांनी त्यांना बाहेर काढले, पण एकाचा जीव गेला. पावसाळ्यात तिथे जाण्यास बंदीचे हुकूम वेळोवेळी निघाले, तरी पोरे जातातच.

एकटा पोरगा सहसा पुरात पाय घालत नाही. सोबतचे म्हणतात, “घाबरलास काय रे?” आणि भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा तो उडी घेतो. आपल्याकडे कालव्यावर अन् विहिरीवर हेच चालते.

फडात एक ऊस लोळला, की शेजारच्यालाही घेऊन पडतो. म्हणून तर आपण वेळेवर बांधणी करून बुडाला भर देतो. पोरांनाही घरातून अशीच भर हवी. दहांत एकाने जरी “मी नाही येत, परत फिरू” म्हटले, तर मनातून धास्तावलेले दोघे-चौघे लगेच त्याच्यामागे वळतात.

असा परत फिरलेला पोरगा घरी आला, तर त्याला हसू नका. पाठीवर हात ठेवा. खरी हिंमत त्यानेच दाखवलेली असते.