खुंबूचे ‘आइसफॉल डॉक्टर’

नेपाळच्या बाजूने एव्हरेस्ट चढायचा, तर बेस कॅम्प (५,३६४ मीटर) सोडताच खुंबूचा हिमप्रपात आडवा येतो. इथली हिमनदी दिवसाला सुमारे १ मीटर सरकते, त्यामुळे आजची वाट उद्या असेलच असं नाही. मोसम सुरू होण्याआधी शेर्पांचं एक छोटं पथक इथे दोर लावतं, भेगांवर अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या टाकतं. हेच ‘आइसफॉल डॉक्टर’. भेग रुंद असली की दोन-तीन शिड्या दोरीने एकमेकींना बांधतात. बुटांखाली बसवलेल्या क्रॅम्पॉनचे लोखंडी दात शिडीच्या दांड्यांवर खडखडतात, शिडी मधोमध झुलते आणि खाली नुसता निळा-काळा अंधार. शिखराच्या श्रेयातला पहिला वाटा या पथकाचाच.



उन्हाने बर्फ सैल होतं, म्हणून हिमप्रपाताचा हा टप्पा रात्रीच पार करायचा. पाहुणे गिर्यारोहक तो मोजक्या वेळा ओलांडतात. तंबू, शिधा, ऑक्सिजनचे सिलिंडर वाहणारे शेर्पा कितीतरी जास्त वेळा. १८ एप्रिल २०१४ रोजी सकाळी इथे हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. त्यातल्या तिघांचे देह शोधूनही सापडले नाहीत.