एकट्याने अंदमानास
एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या किंवा गोदाकाठच्या नांदेडच्या माणसाने, कचेरी आणि संसार यांच्या तगाद्यातून थोडी मोकळीक मिळताच, हैदराबादेहून विमानाने श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, गाठून अंदमानात काही काळ एकट्याने स्वस्थ राहावे, असे मला मनापासून वाटते. प्रथम सेल्युलर जेल पाहावा. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीत सावरकरांनी 1911 ते 1921 या काळात जो एकांत भोगला, तो सक्तीचा होता. मग बोटीने स्वराजद्वीपास, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, जावे, जेथे राधानगरच्या शुभ्र पुळणीपर्यंत घनदाट अरण्याची छाया उतरते. ही भूमी मराठवाड्याच्या सुमारे सोळा रेखांश पूर्वेस असून घड्याळ मात्र तेच असल्यामुळे, सूर्य तेथे साधारण तासभर आधी उगवतो आणि मावळतो. म्हणून एकट्या प्रवाशाने पहाटेच उठावे. मोसमी पाऊस आपल्याआधी, मेच्या उत्तरार्धातच, तेथे पोहोचत असल्याने डिसेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. निघताना प्रवाळाचा तुकडाही उचलू नये. त्यास कायद्याने मनाई आहे आणि ती सर्वथा रास्त आहे.