एचएलए तपासणीसाठी गालाच्या आतून नमुना देताना

थॅलेसेमिया किंवा रक्ताच्या कर्करोगात डॉक्टर बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा सल्ला देतात, तेव्हा पहिला प्रश्न असतो, घरात कोणाशी जुळतं का? ते पाहण्यासाठी एचएलए तपासणी करतात. एचएलए ही आपल्या पेशींवरील ओळखखूण असते. तिची निम्मी जनुके आईकडून व निम्मी वडिलांकडून येतात. म्हणून प्रत्येक सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते.

रक्त द्यावे लागते का?

दर वेळी नाही. गालाच्या आतील अस्तराच्या पेशींमध्येही तोच डीएनए असतो. कापसाच्या बोळ्यासारखे टोक असलेली काडी (स्वॅब) गालाच्या आत फिरवली की पेशी मिळतात. सुई नाही, वेदना नाही. त्यामुळे लहान मुलांसाठी ही पद्धत सोयीची आहे.

नमुना कसा द्याल?

- आधी किमान अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. तंबाखू, पान, सुपारीही नको.
- हात धुवा. काडीच्या टोकाला बोट लावू नका.
- गालाच्या आतील बाजूवर काडी हलका दाब देऊन, किटमध्ये सांगितलेल्या वेळेइतकी फिरवा. नुसती लाळ पुरेशी नसते.
- काडी कशी वाळवायची व कशात ठेवायची, हे किटच्या सूचनांप्रमाणेच करा. ओलसर राहिल्यास बुरशी येऊन डीएनए खराब होऊ शकतो.

हे डॉक्टरांना आधी सांगा

रुग्णाला नुकतेच रक्त चढवले असेल किंवा पूर्वी ट्रान्सप्लांट झाले असेल, तर ते जरूर सांगा. ट्रान्सप्लांटनंतर तोंडातील नमुन्यात दात्याच्या पेशीही येऊ शकतात. तान्हे बाळ अंगावर पीत असेल तर दूध पाजल्यानंतर शक्यतो एक तास थांबा, कारण दुधात आईच्या पेशी असतात.

सर्वांत महत्त्वाचे : नावांची अदलाबदल

घरातील तिघा-चौघांचे नमुने एकाच वेळी घेताना घाई करू नका. पाकिटावर आधी नाव व जन्मतारीख लिहा. एकाचे पाकीट बंद झाल्यावरच दुसऱ्याची काडी उघडा. जुळलेल्या दात्याची ट्रान्सप्लांटपूर्वी पुन्हा तपासणी होते. पण अदलाबदलीमुळे जुळणारे भावंडच ‘जुळत नाही’ म्हणून बाजूला पडले, तर ती चूक सहसा लक्षात येत नाही. शंका वाटली तर लगेच लॅबला कळवा आणि नवा नमुना द्या.

लॅबने पुन्हा नमुना मागितला तर घाबरू नका. बहुतेक वेळा पेशी कमी मिळालेल्या असतात, एवढेच.