अंड्यातली पाइपलाइन

मेसमधल्या अंड्यात रक्तवाहिन्या कधीच दिसत नाहीत, कारण ते फलित नसतं. पण खुडूक कोंबडीखालचं चार-पाच दिवसांचं अंडं अंधारात टॉर्चसमोर धरा, आत लाल जाळं दिसेल. ही पाइपलाइन टाकतं कोण? ना ड्रॉइंग, ना सुपरवायझर!

मित्रांनो, गर्भात आधी सुट्या पेशी जुळून कच्च्या नळ्या बनतात. मग जिथे ऑक्सिजन कमी पडतो, तिथल्या पेशी 'व्हीईजीएफ' नावाचं प्रथिन सोडतात. जवळच्या नळीतली एक पेशी त्याचं प्रमाण वाढत जाईल त्या दिशेने सरकते आणि शेजारणींना 'नॉच' सिग्नलने बजावते, "तुम्ही माझ्या मागे या." म्हणून प्रत्येक पेशीतून नवी फांदी फुटत नाही.

इथे मात्रेला फार महत्त्व आहे. १९९६ मध्ये उंदरांत या जनुकाच्या दोनपैकी फक्त एक प्रत बंद केली, तरी भ्रूण गर्भातच मेले. म्हणजे आपला फॅक्टर ऑफ सेफ्टी इथे नाहीच!

कॅन्सरची गाठही हेच प्रथिन सोडून स्वतःकडे रक्त ओढते. त्याला अडवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आपल्याच पनवेल तालुक्यात, खारघरला, टाटा मेमोरियलचं 'अ‍ॅक्ट्रेक' हे कॅन्सरवर उपचार आणि संशोधन करणारं केंद्र आहे. लोकलने खारघरवरून जाताना ते अंडं जरूर आठवा.