हात लावण्याआधी: लहानग्यांना पेटिंग झोनमध्ये नेताना

आपल्या कडोदऱ्यातल्या बऱ्याच मराठी घरांची मुळे धुळे, नंदुरबार, जळगावकडची. आमच्या पिढीला जनावराची ओळख कोणी मुद्दाम करून दिली नाही. गोठा घराला लागूनच असे. पोळ्याला कोणीतरी बैलाच्या पाठीवर बसवले की झाली ओळख. नातवंडांचे तसे नाही. हत्ती, जिराफ, डायनोसॉर त्यांना मोबाइलवर पाठ असतात, पण शेळीच्या अंगाला कसा वास येतो हे ठाऊक नसते. त्यामुळे आता ही ओळख तिकीट काढून करून द्यावी लागते. त्यात वाईट काही नाही, फक्त ती नीट व्हावी. आपल्या सभासद-परिवारांसाठी म्हणून हे थोडे लिहीत आहोत.

आपल्या बाजूला यासाठी ठिकाण आहे ते केवडियाचे, म्हणजे एकतानगरचे. पुतळ्याजवळचे जंगल सफारी हे प्राणी उद्यान ३० ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले. ३७५ एकर जागेत, डोंगरउतारावर सात टप्प्यांत ते पसरले आहे. तिथे पक्ष्यांचे दोन मोठे पिंजरे आहेत आणि त्यांच्याजवळ पेटिंग झोन आहे. मकाव, काकाकुवा, ससे, गिनीपिग असे प्राणी-पक्षी तिथे जवळून पाहता येतात. कडोदऱ्याहून अंकलेश्वर, राजपीपळा करत साधारण दीडशे किलोमीटर. गाडीने तीन तास तरी धरावेत. दोन-अडीच वर्षांचे मूल एवढ्या प्रवासानंतर, पुतळा पाहून, उन्हात चालून मग सशापुढे उभे केले तर ते रडणारच. शक्य असेल तर पेटिंग झोन सकाळी आधी करावा, पुतळा काही पळून जात नाही.

घराजवळ सरथाणा नेचर पार्क आहे. कामरेज चोकडीवरून वळले की लागते. १९८४ पासून तापीकाठी असलेले हे प्राणिसंग्रहालय पाणमांजरांसाठी नावाजलेले आहे. पण ते पाहण्याचे ठिकाण आहे, हात लावण्याचे नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला डिवचणे, खायला टाकणे, आरडाओरडा करून त्रास देणे हा गुन्हा आहे. तरी शेंगदाणे टाकणारे आजोबा दिसतातच. मुलाला इथे एक गोष्ट कळायला हवी, आणि ती मोठ्यांनीच नीट सांगायला हवी: काही प्राण्यांना फक्त पाहायचे असते, काहींना हात लावता येतो, आणि कोणता प्राणी कोणत्या बाजूचा हे आपण ठरवायचे नसते, सांभाळणाऱ्याला विचारायचे असते.

आमच्या मते पहिल्या भेटीत मुलाने शिकायचे ते एवढेच. हात लावणे सोपे आहे, हात लावण्याआधी विचारणे शिकवावे लागते. बँकेत समोरचा कितीही ओळखीचा असला तरी सही जुळवल्याशिवाय पैसे देत नसत, तसेच हे. मुलालाच विचारू द्यावे. गुजरातीत "काका, अडूं?" एवढे दोन शब्द अडीच वर्षांचे मूलही म्हणते. काका "नाही" म्हणाले तर तेही ऐकायचे. आणि मूल स्वतः "नको" म्हणाले तर ते आपण ऐकायचे.

इथेच गाडी अडते. फोटो हवा असतो. रडणाऱ्या मुलाचा हात धरून तो सशाच्या पाठीवर टेकवणारे आई-बाबा आणि आजी-आजोबा आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. एरवी घास भरवताना "खाल्लं नाहीस तर भूभू येईल" म्हणून धाक घालायचा आणि तिथे गेल्यावर "घाबरतोस काय वेड्या" म्हणायचे, असे दोन्ही कसे चालेल? दोन-तीन वर्षांच्या वयात मोठ्या, हलणाऱ्या, अनोळखी गोष्टीची भीती वाटणे स्वाभाविक आहे. मोठ्याने खाली बसावे, मुलाला मांडीशी घ्यावे, आपण आधी हात लावावा आणि गप्प राहावे. पाच मिनिटांत मूल पुढे सरकले तर ठीक. नाही सरकले तर कुंपणाबाहेरून पाहिले, हीदेखील भेटच झाली.

प्राण्यांच्या तऱ्हा थोड्या माहीत असल्या तर मुलाला सांगता येतात. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मागचे त्याला दिसते, पण अगदी नाकासमोरचे दिसत नाही. म्हणून तोंडावर हात न नेता बाजूने, पाठीवर, केसांच्या दिशेने हात फिरवायचा. कान धरून उचलायचे नाही. खरे तर मुलाने ससा उचलूच नये. मागच्या पायांनी तो जोरात झटका देतो, त्यात मुलाला ओरखडा येतो आणि सशाचा कणाही मोडू शकतो. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक हिरडी असते. हे सांगितले की मुले हसतात आणि निम्मी भीती जाते. ओढणी, कागद, तिकीट मात्र ती चघळणारच. तट्टूला वरचे-खालचे दोन्ही दात असतात. त्याला चारा द्यायचा तर तळहात सपाट आणि बोटे जुळवलेली हवीत. मकावची चोच कठीण कवचाची फळे फोडते, तिथे बोट नकोच.

सुरतेला जनावरांची माया काही आजची नाही. १६८९ साली इथे आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्याने शहराबाहेर गायी, घोडे, शेळ्या, कुत्रे यांच्यासाठी व्यापाऱ्यांनी चालवलेल्या रुग्णालयाचे वर्णन लिहून ठेवले आहे. आजही पांजरापोळ किंवा एखादी गोशाळा हा लहान मुलांसाठी चांगला पर्याय आहे. तिथे गर्दी कमी असते आणि वासराजवळ निवांत थांबता येते. फक्त एक मोह टाळावा. समोर काढलेले धारोष्ण दूध मुलाला तिथल्या तिथे पाजू नये. आपण प्यायलो, हे खरे. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात. घरी आणून उकळून द्यावे.

आता हातांचे. धडधाकट दिसणाऱ्या शेळ्या-गायींच्या शेणातही ई. कोलायचा एक घातक प्रकार असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा धोका अधिक, कारण काहींमध्ये तो मूत्रपिंडांवर जातो. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील गॉडस्टोन फार्म या ठिकाणी २००९ साली असे ९३ जण आजारी पडले होते, त्यांत बहुतेक दहा वर्षांखालची मुले होती. नुसते हात धुणे पुरत नाही, मुलांचा शेणाशी संबंधच येऊ नये, असा धडा त्या चौकशीतून निघाला. म्हणून खाली बसून कुंपणाचे गज हाताळू देऊ नयेत. बाटली, चोखणी, खेळणे, दशम्यांचा डबा, सगळे बाहेर. अंगठा चोखणाऱ्या मुलावर एकाने नजर ठेवावी. बाहेर येताच साबण आणि वाहत्या पाण्याने वीस सेकंद हात चोळून धुवावेत. सॅनिटायझर मातीने माखलेल्या हातांवर फारसा चालत नाही. पुढच्या आठ-दहा दिवसांत जुलाब, विशेषतः रक्त पडणारे जुलाब झाले, तर डॉक्टरांना प्राण्यांकडे गेल्याचे आपणहून सांगावे. घरात गरोदर सूनबाई असतील तर त्यांनी नुकत्याच व्यालेल्या शेळ्या-मेंढ्यांपासून दूर राहावे.

आणि मग आपण गल्लीत परत येतो. हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सकाळी सशाला कुरवाळून आलेले मूल संध्याकाळी सोसायटीच्या फाटकाशी झोपलेल्या कुत्रीच्या पिलांकडे तेवढ्याच विश्वासाने धावते. प्राणी चांगले असतात हे ते शिकून आलेले असते, विचारायचे असते हे शिकले नसेल तर पंचाईत. इथे विचारायला मालक नाही, म्हणून हात लावायचा नाही, हे त्याला त्याच दिवशी सांगावे. जेवणारा, झोपलेला आणि पिलांजवळचा प्राणी तर कोणाचाही असो, लांबूनच.

चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, हळद, चुना काही लावू नये. रक्त आले नाही तरी लहानशा ओरखड्यालाही लस लागते. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळे औषधही टोचावे लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागली की उपचार जवळजवळ नसतोच, म्हणून उद्यावर ढकलू नये. मुले मार बसेल म्हणून लपवतात, तेव्हा रागावू नये. सरकारी दवाखान्यात लस मिळते. पहिला डोस झाल्यावर डॉक्टर पुढच्या तारखा कार्डावर लिहून देतात. मूल खेळायला लागले म्हणून मधली तारीख चुकवू नये, कार्ड फ्रिजवर चिकटवून ठेवावे.