सा. न. वि. वि. ते बोटभर निरोप

सा. न. वि. वि., कळावे, लोभ असावा... मैत्रिणींनो, हे शब्द शेवटचे कधी लिहिलेत, आठवतंय का? आंतर्देशीय पत्राची जागा संपली, की आपण समासातही आडवं-उभं लिहायचो.

मग मोबाइल आला. एका एसएमएसमध्ये इंग्रजी लिपीतली 160 अक्षरं मावायची, देवनागरीतली फक्त 70. त्यातही काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जाई. आपल्याला 'नमस्कार' चार अक्षरांचा, फोनला तो सात अक्षरांचा! मग पैसे वाचवायला मराठी इंग्रजी अक्षरांत शिरली. 'केएएल' लिहिलं, तर ते काल, काळ की कळ, हे वाचणाऱ्यानं ओळखायचं. बिचारा 'ळ' तर हरवलाच.

आता फोनवरच देवनागरी कळफलक आहे. टंकायचा कंटाळा आला, तर नुसतं बोला, अक्षरं आपोआप उमटतात. माझ्या मोठ्या जाऊबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. वाचता येतं, पण लिहायला हात वळत नाही. माहेरचं पत्र कायम दुसऱ्याकडून लिहून घ्यायच्या. "अगं, दुसऱ्याच्या हातानं लिहायचं म्हणजे खुशालीच कळवायची. मनातलं कसं सांगणार?" असं त्या म्हणतात. आज त्या स्वयंपाकघराचं दार लोटून फोनशी बोलतात आणि बहिणीला लिहितात, "आज भाजणी भाजली. आईची फार आठवण आली." साठी उलटल्यावर त्यांना स्वतःचं पत्र मिळालं!

पण आपल्यासारख्या शिकलेल्या काय करतात? सकाळी फुलांचं चित्र, वाढदिवसाला केक, कुणी गेलं तर जोडलेले हात. सगळं दुसऱ्यानं केलेलं, आपण फक्त पुढे ढकललेलं. लिहायला इतकं सोपं झालं आणि स्वतःचं वाक्यच आटलं, असं नको व्हायला.

म्हणून एवढंच करून बघा. आठवड्यातून एकदा कुणाला तरी स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहा. बोलून लिहिलंत, तर पाठवण्याआधी एकदा वाचा. फोन ऐकतो एक आणि लिहितो भलतंच! आणि जपून ठेवावंसं वाटेल ते मात्र कागदावर उतरवा. फोन बदलला की निरोप जाऊ शकतात. डब्यात ठेवलेलं पत्र लेकीच्या हाती लागतं.